मोबाईलचे कुलूप आणि व्यापाऱ्याची अमानत

पूर्वी दुकानावर तपासणी आली की अधिकारी तिजोरी, खातेवह्या आणि बिलबुके मागत असत. आता मोबाईल आधी मागितला जातो. यात नवल काही नाही. गेल्या दहा वर्षांत आपला धंदा गादीवरून उठून खिशात जाऊन बसला आहे. मालाच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, पैसे यूपीआयने जमा होतात, जीएसटीचा ओटीपी त्याच फोनवर येतो आणि उधारीची यादीही त्यातच असते. मालेगावचा यंत्रमागधारक सुताचा भाव त्यावर विचारतो, भिवंडीचा ट्रान्सपोर्टवाला आपली गाडी कोठवर पोहोचली ते त्यावर पाहतो, धारावीतील चामड्याचा कारागीर नव्या पिशव्यांचे नमुने त्यावरूनच गिऱ्हाइकाला दाखवतो.

त्याच फोनमध्ये घरातील स्त्रियांची छायाचित्रे असतात, आईच्या आजारपणाचे कागद असतात, मुलीच्या लग्नाची बोलणी असतात, भावाभावांतील वाटणीचे कडूगोड संदेश असतात. दुकानाची वही आणि घराचे माजघर अशी दोन्ही एकाच कुलपाखाली आली आहेत. म्हणून हे कुलूप कोणी, केव्हा आणि कितपत उघडावे हा प्रश्न केवळ वकिलांचा किंवा संगणक अभियंत्यांचा राहिलेला नाही. तो बाजारपेठेतील प्रत्येक माणसाचा झाला आहे.

या बाबतीत बाजारात दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, ज्याचे हात स्वच्छ त्याने फोन दाखवायला का घाबरावे? काही जण म्हणतात, फोन माझ्या मालकीचा, त्यावर जगात कोणाचाही हक्क नाही. आमच्या मते दोन्ही मते चूक आहेत. कुलूप लावणे हा गुन्हा नाही. पण कुलूप हे कायद्यापासून लपण्याचे ठिकाणही नाही. योग्य अधिकाऱ्याचा लेखी आदेश असेल तर ठराविक फोन, ठराविक कामापुरता उघडला जावा. मात्र सर्व कुलपांना चालेल अशी एक चावी सरकारसाठी तयार ठेवावी, ही मागणी कोणीही मान्य करू नये. असे का, हे समजण्यासाठी अमेरिकेत २०१६ साली गाजलेले एक प्रकरण पाहू.

एका फोनसाठी झालेला झगडा

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्निया राज्यातील सॅन बर्नार्डिनो येथे एका पती-पत्नीने सरकारी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यावर गोळीबार केला. १४ माणसे ठार झाली, २२ जखमी झाली. हल्लेखोर त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. ही निरपराध माणसांची हत्या होती आणि तिचा तपास मुळापर्यंत व्हावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नव्हते. हल्लेखोर पती तेथील काउंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, आरोग्य खात्यात नोकरीला होता. दोघांनी आपले खासगी फोन फोडून टाकले होते. पण नोकरीसाठी मिळालेला अॅपल कंपनीचा आयफोन ५ सी एफबीआय या तपास यंत्रणेच्या हाती लागला. त्याला चार आकडी कुलूप होते.

चार आकड्यांच्या जुळण्या होऊन होऊन दहा हजार होतात. यंत्राला त्या तपासायला फारसा वेळ लागत नाही. पण आयफोनमध्ये दहा वेळा चुकीचा आकडा पडला तर आतील मजकूर नष्ट होईल अशी सोय असते, आणि चुका वाढत गेल्या की पुढच्या प्रयत्नापूर्वी अधिकाधिक वेळ थांबावे लागते. १६ फेब्रुवारी २०१६ रोजी दंडाधिकारी न्यायाधीश शेरी पिम यांनी १७८९ सालच्या ऑल रिट्स अॅक्टच्या आधारे अॅपलला आदेश दिला, की ही राखण बाजूला सारणारी खास प्रणाली तयार करून द्यावी. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. स्वतःच्या सर्व्हरवर साठलेला मजकूर कंपनीने आधीच तपासासाठी दिला होता. तिचे म्हणणे असे की, जे आपल्याजवळ आहे ते आदेश मिळताच देऊ. पण जी चावी अस्तित्वातच नाही ती घडवून देणार नाही, कारण ती एकदा घडली की एका फोनपुरती राहणार नाही.

ही भीती पोकळ नव्हती. मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी त्याच सुमारास सांगितले की त्यांच्या कार्यालयातही असे पावणेदोनशे बंद आयफोन पडून आहेत. तिकडे २९ फेब्रुवारी रोजी ब्रुकलिनमधील दंडाधिकारी न्यायाधीश जेम्स ओरेनस्टाइन यांनी अमली पदार्थांच्या एका प्रकरणात अॅपलच्या बाजूने निकाल दिला. सॅन बर्नार्डिनोच्या प्रकरणाची सुनावणी २२ मार्चला होती. तिच्या आदल्या दिवशी सरकारने मुदत मागितली आणि २८ मार्च रोजी अर्जच मागे घेतला. बाहेरच्या एका कंपनीने फोन उघडून दिला होता! ज्या कामाला अॅपलशिवाय उपाय नाही असे न्यायालयाला सांगण्यात आले होते, ते काम अॅपलशिवाय झाले. पुढे मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्याच न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की न्यायालयात जाण्यापूर्वी एफबीआयच्या दोन विभागांत नीट बोलणेच झाले नव्हते आणि सर्व मार्ग चाचपून पाहिलेले नव्हते.

या प्रकरणात व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे असे आणखी दोन तपशील आहेत. फोन काउंटीच्या मालकीचा होता. नोकरांचे फोन मालकाला उघडता यावेत अशी प्रणाली काउंटीने विकत घेतलेली होती, पण या फोनवर ती बसवलीच नव्हती. ती असती तर सारा झगडा टळला असता. दुसरे असे की तपासाच्या पहिल्या दिवसांत एफबीआयच्या सांगण्यावरून त्या फोनच्या आयक्लाउड खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला. त्यामुळे फोनने आपोआप नवी नक्कल सर्व्हरवर पाठवण्याचा जो सोपा मार्ग होता तोच बंद पडला. घाईत केलेल्या एका कामाने पुढे महिन्या-दोन महिन्यांची कोर्टकचेरी ओढवली.

तपास यंत्रणेची बाजूही खरी आहे

न्यायाने बोलायचे तर पोलिसांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ६ डिसेंबर २०१९ रोजी फ्लोरिडातील पेन्साकोला नौदल तळावर प्रशिक्षणासाठी आलेल्या एका परदेशी अधिकाऱ्याने तीन नौसैनिकांना ठार केले. त्याचे दोन आयफोन एफबीआयने अखेर स्वतःच उघडले आणि मे २०२० मध्ये जाहीर केले की हल्लेखोराचा अल् कायदाच्या येमेनमधील शाखेशी संबंध होता. म्हणजे कुलपाआड कधी कधी खरोखर महत्त्वाचे पुरावे असतात.

आपल्याच बाजारातील उदाहरण घ्या. बनावट लिंक पाठवून एखाद्या दुकानदाराचे खाते रिकामे करणारा भामटा पकडला गेला, तर त्याचा फोन पोलिसांनी उघडावा असे त्या दुकानदाराला वाटणारच. फोनवरून अटकेची धमकी देऊन म्हाताऱ्या माणसांची आयुष्याची कमाई लुटणाऱ्या टोळ्यांचा माग फोनमधूनच लागतो. खंडणीची धमकी, मुलाचे अपहरण, भागीदाराने केलेला अपहार, या सर्वांत फोन हाच साक्षीदार असतो. तेव्हा पोलिसांनी कोणाचाही फोन कधीही पाहूच नये असे म्हणणारा माणूस स्वतः फसवला जाईपर्यंतच तसे म्हणतो.

मग सर्व फोनांसाठी सरकारी चावीला विरोध का? कारण चावी साधूचा हात आणि चोराचा हात ओळखत नाही. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा तपासता याव्यात म्हणून खास कुलुपे निघाली. त्यांच्या सरकारी चाव्या फक्त तपासनिसांजवळ. पण त्या चाव्यांचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापले गेले आणि २०१५ साली लोकांनी त्यावरून घरच्या घरी प्लास्टिकच्या चाव्या तयार करून ती कुलुपे उघडून दाखवली. २०२४ साली तर याहून मोठी गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेतील टेलिफोन कंपन्यांत सरकारी आदेशाने संभाषण ऐकण्यासाठी जी व्यवस्था असते, तिच्यापर्यंत चीनशी संबंधित असल्याचे सांगितल्या गेलेल्या घुसखोरांनी मजल मारली. त्यानंतर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा खात्याचे अधिकारीच सांगू लागले, की संदेश कुलूपबंद करणारी साधने वापरा. पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून चोर शिरले!

आणखी एक गोष्ट. आमची अडचण किती मोठी आहे, हे सांगताना यंत्रणा आकडे फुगवू शकतात. उघडता न आलेल्या उपकरणांचा २०१७ सालचा आकडा एफबीआयने सुमारे ७,८०० असा सांगितला होता. मे २०१८ मध्ये मोजणीत चूक झाल्याचे तिला मान्य करावे लागले. म्हणून नाइलाज आहे असे कोणी म्हटले की तो नाइलाज न्यायालयाने तपासून पाहिला पाहिजे.

आपल्या देशात कायदा काय आहे?

अमेरिकेतील झगड्यात एक गोष्ट चांगली होती. फोन एक होता, आदेश लेखी होता, तो न्यायाधीशाने दिला होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी उघडपणे वाद झाला. त्याआधी २०१४ सालीच तेथील सर्वोच्च न्यायालयाने रायली खटल्यात एकमताने ठरवले होते की अटक केलेल्या माणसाच्या फोनची झडती घ्यायची तर सर्वसाधारणपणे वॉरंट हवे. आपल्याकडे चित्र तितके स्पष्ट नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगी जीवन हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधन घालायचे तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरता हवा. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर पोलिस तरुणांना थांबवून त्यांच्या फोनमधील संदेशांत गांजाचा उल्लेख आहे काय हे पाहत असल्याची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. लोक सहकार्य करतात, आम्ही सक्ती करीत नाही, असा पोलिसांचा खुलासा होता. पण भर रस्त्यात गणवेशातील चार माणसे भोवती उभी असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे काय?

पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते काय, यावर न्यायालयांचे एकमत नाही. घटनेच्या २० व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या १९६१ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. उलट २०१० साली सेल्वी खटल्यात आरोपीच्या इच्छेविरुद्ध नार्को चाचणी करण्यास मनाई झाली, कारण ती मनातील गोष्ट बाहेर काढते. आता प्रश्न असा की पासवर्ड हा ठशासारखा आहे की मनातील गोष्टीसारखा? कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये विरेंद्र खन्ना प्रकरणात सांगितले की पासवर्ड देणे ही साक्ष नव्हे, मात्र फोनच्या झडतीसाठी तातडीचा प्रसंग सोडून वॉरंट हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने उलट मत दिले, की आरोपीकडून पासवर्ड सक्तीने घेता येत नाही, पण बोटाचा ठसा घेता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही खटला चालू असताना आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येत नाही असे मत दिले. एकाच देशात एकाच प्रश्नाची अशी वेगवेगळी उत्तरे मिळतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने काही गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. कलम ९४ प्रमाणे पुरावा असण्याची शक्यता असलेले संपर्काचे उपकरण हजर करण्यास सांगता येते. कलम १०५ प्रमाणे झडती, जप्ती आणि जप्त वस्तूंची यादी यांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. कलम १८५ खाली वॉरंटाविना झडती घ्यायची तर पोलिस अधिकाऱ्याने कारणे लिहून ठेवली पाहिजेत आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायच्या दाखल्यात हॅश नावाचा आकडा लिहायचा असतो. हॅश म्हणजे मजकुराचे सील समजा. आतील एक अक्षर बदलले तरी हा आकडा बदलतो. फोन ताब्यात गेल्यानंतर त्यात कोणी काही घातले काय, हे ओळखण्याचे हेच साधन आहे.

जप्त केलेल्या उपकरणांबाबत नीट नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला बजावले. त्यानंतर केंद्रीय यंत्रणा तूर्त सीबीआयची २०२० सालची नियमावली पाळतील असे सरकारने सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये लॉटरीच्या धंद्यातील एका बड्या उद्योजकाच्या कंपनीकडून जप्त केलेल्या उपकरणांतील मजकूर पाहण्यास व त्याची नक्कल काढण्यास सर्वोच्च न्यायालयाने सक्तवसुली संचालनालयाला तात्पुरती मनाई केली. हा धंदा आपल्याला पसंत नाही, पण न्यायालयाने मान्य केलेला मुद्दा पानवाल्यालाही तितकाच लागू असायला हवा. मोठ्याला दिल्ली गाठता येते, लहानाला तालुक्याचा वकीलही महाग पडतो. म्हणूनच हे नियम खटल्याखटल्याने ठरू नयेत, ते कायद्यात असावेत.

कर खात्याचा नियम वेगळा

येथे व्यापाऱ्यांचा मोठा गोंधळ होतो. पोलिसांच्या तपासात आरोपीला जे संरक्षण आहे, तेच कर खात्यासमोर सांगून चालत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात २००२ सालीच अशी तरतूद आली होती, की झडतीच्या वेळी संगणकीय हिशेब ज्याच्या ताब्यात असेल त्याने ते पाहण्याची सोय अधिकाऱ्याला करून दिली पाहिजे. ती न केल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरवून केलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलम २४७ याहून पुढे जाते. संकेतशब्द मिळाला नाही तर तो ओलांडून संगणक, ईमेल, समाजमाध्यमांचे खाते किंवा सर्व्हरवरील साठा उघडण्याचा अधिकार ते झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला देते. व्हॉट्सअॅपवरील संदेशांतून बेहिशेबी पैसा सापडला असे अर्थमंत्र्यांनी मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगून या तरतुदीचे समर्थन केले.

जीएसटीत केंद्रीय कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे सहआयुक्त किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या लेखी अधिकारपत्रावाचून झडती घेता येत नाही. पण झडतीच्या वेळी अडवणूक झाल्यास कपाटाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक उपकरणही फोडून उघडण्याचा अधिकार त्याच कलमात आहे. त्याच कलमाने व्यापाऱ्यालाही हक्क दिला आहे. तपासाला बाधा येत नसेल तर जप्त कागदपत्रांच्या नकला त्याला मिळतात. ज्या कागदपत्रांचा आधार नोटिशीत घेतलेला नाही ती नोटिशीनंतर तीस दिवसांच्या आत परत करायची असतात. हा हक्क किती दुकानदार मागतात?

आमचा आक्षेप कर तपासण्याला नाही. ज्याने कर बुडवला त्याने भरावा. आक्षेप याला आहे, की बिलांच्या शोधात निघालेला अधिकारी घरातील लग्नाची छायाचित्रेही चाळू शकतो आणि त्याला कोणते कप्पे उघडू नयेत हे सांगणारी रेघ कायद्यात नाही. पूर्वी अधिकारी दुकानाच्या वह्या उचलत, माजघरातील पेटी उघडायची तर वेगळे कारण द्यावे लागे. फोनच्या बाबतीत ही भिंतच नाहीशी झाली आहे.

फोन गेला की दुकान बंद

जप्तीचा दुसरा जाच वेळेचा आहे. बड्या कंपनीचा एक फोन गेला तर दुसरा येतो. पण रोजच्या कमाईवर जगणारा शिंपी, मोटार मेकॅनिक, मटण विक्रेता किंवा घरी बसून जरीकाम करणारी भगिनी यांचे गिऱ्हाईक, पैसे आणि बँक सारे एकाच फोनात असते. तो महिनोन् महिने मुद्देमालाच्या खोलीत पडला तर शिक्षा आधी आणि खटला नंतर असे होते. पुष्कळदा तर फोनचा मालक आरोपीही नसतो, साक्षीदार असतो.

जप्त वस्तू पोलिस ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, त्यांचा निकाल पंधरा दिवस ते महिन्याभरात लागावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम ४९७ खाली अशी वस्तू ताब्यात मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो. पुराव्यासाठी फोनमधील मजकुराची सीलबंद नक्कल पुरेशी असेल तर फोन अडकवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

आमच्या मागण्या म्हणून स्पष्ट आहेत. फोन उघडण्याच्या आदेशात काय शोधायचे व कोणत्या काळातील शोधायचे हे लिहिलेले असावे. मालकासमोर नक्कल काढून हॅश आकडा त्याच्या हाती द्यावा. साक्षीदाराचा फोन काही दिवसांत आणि आरोपीचा ठराविक मुदतीत परत व्हावा. तपासाशी संबंध नसलेला घरगुती मजकूर बाहेर फुटला तर जबाबदार माणसाला शिक्षा व्हावी. आणि कोणत्याही कंपनीला सर्व फोनांसाठी चोरवाट ठेवण्याची सक्ती होऊ नये.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदारांसाठी

आपल्यातील पुष्कळ तरुण मोबाईल दुरुस्तीच्या व जुन्या फोनांच्या धंद्यात आहेत. त्यांनी जास्त जपावे. गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेला फोन ही अमानत आहे. त्यातील छायाचित्रे पाहणे हे ठेव म्हणून दिलेली पेटी उघडण्यासारखे आहे. ओळख नसलेला माणूस कुलूपबंद फोन उघडायला घेऊन आला तर बिल आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय हात लावू नये. नोंदवहीत त्याचे नाव आणि फोनचा आयएमईआय क्रमांक लिहावा. एखादा शिपाई तपासातील फोन दुकानावर आणून खोलून दे म्हणाला, तरी अदबीने नकार द्यावा. असा फोन दुकानात उघडला तर पुरावा बिघडतो आणि उद्या साक्षीच्या पिंजऱ्यात दुकानदाराला उभे राहावे लागते. त्यासाठी सरकारची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. महाराष्ट्रात तिचे मुख्य ठिकाण मुंबईत कालिना येथे आहे.

आपण काय करावे?

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत.

१. धंद्याचा फोन आणि घरचा फोन वेगळा ठेवा. दोन फोन परवडत नसतील तर निदान धंद्याचा क्रमांक वेगळा घ्या. माजघर आणि दुकान यांतील भिंत कायदा बांधत नसेल तर आपण बांधावी.

२. बिले व उधारीचा हिशेब फक्त फोनात ठेवू नका. दर आठवड्याला त्याची नक्कल संगणकावर, पेन ड्राइव्हवर किंवा वहीत उतरवा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. इतका काळ फोन टिकत नाही.

३. कुलूप सहा आकड्यांचे किंवा त्याहून मोठे लावा. जन्मसाल किंवा गाडीचा क्रमांक वापरू नका. नोकराला दिलेल्या फोनाचा पासवर्ड व खाते दुकानाच्या नावे असू द्या.

४. *#०६# दाबले की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो आजच वहीत लिहून ठेवा.

५. फोन मागितला गेला तर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, खाते आणि अधिकारपत्र पाहा. हुज्जत घालू नका, झटापट तर मुळीच करू नका. पंचनाम्यात कंपनी, आयएमईआय क्रमांक, सिम कार्ड आणि फोनची स्थिती यांची नोंद करून घ्या आणि प्रत मागा. स्वखुशीने फोन व पासवर्ड दिला असे वाक्य असेल आणि तसे घडले नसेल तर त्यावर सही करू नका. न समजणाऱ्या भाषेतील कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

६. पासवर्ड मागितला तर कोणत्या कायद्याखाली मागता हे विचारा आणि वकिलाचा सल्ला घेण्यास वेळ मागा. कर खात्याच्या झडतीत नियम वेगळा आहे हे विसरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली गृह खात्याच्या सचिवांच्या दर्जाचा आदेश असेल तर नकारास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

७. तपास चालू झाल्यावर फोनमधील काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यात निरपराध माणूसही अडकतो.

शेवटची गोष्ट संघटनांसाठी. बाजार समित्या, यंत्रमागधारकांच्या संघटना, मोबाईल विक्रेत्यांचे संघ आणि व्यापारी महामंडळे सूतदर, वीजदर आणि करदर यांवर निवेदने देतात. फोनजप्तीचे नियम हा विषय आता त्यांच्या यादीत आला पाहिजे. प्रत्येक संघटनेने आपल्या जिल्ह्यात फोन किती जणांचे गेले, किती दिवसांनी परत आले आणि पंचनाम्याची प्रत किती जणांना मिळाली याची नोंद ठेवावी आणि ती आपल्या आमदार-खासदारांपुढे मांडावी. हा कोणा एका जमातीचा किंवा पक्षाचा प्रश्न नाही. शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याचा, मारवाडी सराफाचा आणि मराठा दूधवाल्याचा फोनही तसाच आहे. गिऱ्हाइकाने आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला पत्ता, माप, छायाचित्र आणि उधारीचा आकडा आपल्या फोनात आहे, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी फोन कोणाच्याही हातात गेला तरी आपल्यावरून उतरत नाही. म्हणून आदेशाविना कुलूप उघडू नये, आदेश आला तर पळवाट शोधू नये, आणि आदेश कसा असावा हे ठरवण्यात व्यापाऱ्याचा आवाज असावा.